अजगराच्या माथी

“सापडला वो पार्वता! सेवकरामभाऊ सापडला!”

लीलाबाई ओरडतच अंगणात शिरली. अल्का आईला पेज पाजत होती. वाटी कलंडली, ऊन ऊन पेज आईच्या मांडीवरून जमिनीवर ओघळली, तरी तिचा चटका आईला जाणवला नाही. एका श्वासापुरते बाबा घरात आले. सायकल भिंतीला टेकवून, डाव्या हातानं उजवा खांदा चोळत, ‘काय वो, चाय मांडली का नाई’ म्हणत रोज यायचे तसे.

“कुठं हाय? बरा हाय ना?” आईनं विचारलं.

“नहराच्या मोरीत.” लीलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “अजगराच्या पोटात हाय, माय. हे एवढं मोठं पोट झालं हाय त्याचं! पोरायनं जाळ्यात धरला. आता फाडतेत. तू एखादं धुवट लुगडं घेऊन चाल. हाडं तं हाडं, पन घरचं मानूस घरच्या कपड्यात घ्यावं.”

ही वाटी हिच्या तोंडावर मारावी, असं अल्काच्या मनात आलं. तिनं वाटी उचलली, धुतली आणि पालथी घातली.

आई मात्र उठली होती. आठवडाभर जिला दोन माणसांनी धरून न्हाणीपर्यंत न्यावं लागत होतं, ती आई आपल्या पायांनी आत गेली, पेटी उघडली आणि तळाशी घडी करून ठेवलेलं पांढरं लुगडं घेऊन बाहेर आली. ते ती दरवर्षी धम्मचक्र दिनाला नेसायची.

“आई, बाबा तिथे नाहीत,” अल्का म्हणाली.

“मंग कुठं हायेत? सांग. तुले ठावं हाय?”

अल्कानं पायात चपला सरकवल्या. ती आईच्या मागोमाग निघाली.

आठवड्यापूर्वी सेवकराम संध्याकाळच्या उजेडात फावडं घेऊन धानाच्या बांधीचं पाणी पाहायला गेला आणि परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सायकल बोदलकसा तलावाच्या पाळीवर सापडली. सापडली ती गजेंद्रला. गजेंद्र म्हणजे शेताचा शेजारी आणि सेवकरामचा शाळेपासूनचा सोबती. अल्का त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. “माह्या बांधीपर्यंत आलाच नाई गा तो,” गजेंद्रनं सगळ्यांना सांगितलं, “मी तं अंधार पडेपर्यंत तिथंच होतो.” तेवढ्यावर शोध शेतांकडून पाण्याकडे वळला. मासेमारांनी जाळी टाकली. पोलीस आला, पाळीवर उभा राहून पाण्याकडे पाहत म्हणाला, “फुगला की येईल वर.” हे तो आईच्या समोर म्हणाला आणि मग मोटरसायकलला लाथ मारून निघून गेला.

अल्का गोंदियाला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पहिल्या एसटीनं ती आली आणि तेव्हापासून रोज पाळीवर जाऊन उभी राहत होती. पाण्यानं काही दिलं नाही. मग गावानं बोलायला सुरुवात केली. सेवकराम नागपूरला पळाला. सेवकरामनं जीव दिला. शेवटी गावातल्या दुर्गेश नावाच्या पोराच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला: कुठल्याशा परदेशी बेटावरचा, चिरलेला भलामोठा साप आणि आत अख्खा माणूस. त्यावर कुणीतरी मराठीत लिहून टाकलं होतं, ‘बोदलकसा तलाव, ताजी घटना’. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ फिरून गोंदियाहून अल्काच्याच फोनवर परत आला. खाली कॉलेजातल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘पापाजी के बारे में सुनके बहुत दुख हुआ.’ ‘हे माझे वडील नाहीत,’ एवढं टाइप करायला तिला बराच वेळ लागला. संतापानं अक्षरं पुन्हा पुन्हा चुकत होती.

नहराच्या मोरीजवळ निम्मं गाव लोटलं होतं. मासे धरायच्या जाळ्याखाली अजगर पडला होता. दहा-अकरा फूट असावा. अंगावर बदामी चट्टे, मान बारीक, आणि मधल्या भागात फुगवटा, भरलेल्या पोत्याच्या तोंडाला दोरी बांधावी तसा दोन्हीकडे आवळत गेलेला. तो हलत नव्हता, फक्त जीभ आतबाहेर होत होती. एकाच्या हातात कोयता होता. दुर्गेश मोबाइल उंच धरून सगळं टिपत होता.

आईसाठी लोकांनी वाट केली. ती जाळ्यापासून चार पावलांवर बसली आणि लुगडं मांडीवर घेतलं.

“मारा आता,” कुणीतरी म्हणालं. “वहिनी आली.”

“थांबा,” अल्का म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण कोयतेवाला थांबला.

“यात माझे बाबा नाहीत. एवढ्या सापाच्या पोटात मोठा माणूस मावत नाही.”

“काऊन नाई मावत?” दुर्गेशनं मोबाइल तिच्याकडे वळवला. “मावते ना, ताई. हा व्हिडिओ पाय. हा काय खोटा हाय?”

“तो फोन खिशात ठेव आणि तुझी मूठ तुझ्या तोंडात घाल.”

“कायले?”

“घाल तर खरं.”

दुर्गेशनं हसत हसत मूठ तोंडाला लावली. गेली नाही. “अबे, सामोसा असता तं गेला असता!” मागून कुणीतरी ओरडलं आणि माणसं हसली. बाबांच्या नावानं जमलेल्या गर्दीला हसू येत होतं.

“तुझ्या नाही जात, सापाच्या तोंडात जाईल,” अल्का म्हणाली. “त्याचा खालचा जबडा दोन तुकड्यांचा असतो, मध्ये ताणला जाणारा बंध असतो. छातीचं हाड नसल्यामुळे बरगड्या फाकतात. स्वतःच्या डोक्याच्या कितीतरी पट मोठा घास तो घेऊ शकतो. शेळी घेईल, हरणाचं पाडस घेईल. डोक्याकडून गिळतो, पाय आपोआप मागं दुमडत जातात. माणसाला खांदे असतात. ते आडवे असतात आणि तिथेच अडतं. तुझ्या व्हिडिओतला साप आपल्याकडचा नाही. त्याची जात वेगळी, लांबीही याच्या दुप्पट. त्या जातीनं माणूस गिळल्याचं घडलंय, मी नाही म्हणत नाही. इथल्या अजगराला ते जमायचं नाही. माझ्या बाबांचे खांदे—”

ते खांदे तिच्या डोळ्यांसमोर आले. पोतं उचलून उचलून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. रात्री आई त्यावर मोहाचं तेल जिरवायची.

“पुस्तकातलं बोलून रायली,” लीलाबाई बाजूच्या बाईला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “बाप गिळला सापानं, आन् पोरगी सापाची वकील झाली.”

“बापापेक्षा साप जवळचा झाला काय, ताई?” कोयतेवाला म्हणाला.

अल्कानं त्याच्याकडे पाहिलं. हा पाचवीत असताना बाबांनी याला सायकलवर डबलसीट बसवून शाळेत नेलं होतं, रोज, वर्षभर.  हे बोलली असती तर तिला थांबता आलं नसतं; तिनं नजर सापाकडे वळवली.

“अल्के.” आईनं खालूनच हाक मारली. “मले तुहं पुस्तक नोको. मले काईतरी जाळाले पायजे. तो साप हाय का अजून काय हाय, मले त्याचं काई करायचं नाई. फाडू दे त्यायले.”

याच वाक्याची अल्काला सकाळपासून भीती वाटत होती. आत जे निघेल ते अर्धवट विरघळलेलं असेल. दोन हाडं, थोडे केस, चिखलासारखं काहीतरी. गाव ते पाहील आणि म्हणेल, हाच सेवकराम. आई ते पांढऱ्या लुगड्यात गुंडाळेल, भंतेजी येतील, त्रिशरण होईल, अग्नी दिला जाईल. आणि तिथून पुढे कुणीही बाबांना शोधणार नाही. एखाद्या रानडुकराच्या पिलाची राख घरात येईल आणि बाबा कुठेतरी तसेच पडून राहतील.

“आई, एक तास दे मला. निघतानाच फॉरेस्टवाल्यांना फोन केलाय. ते येईपर्यंत थांब.”

“एका तासात काय होते?”

“खरं काय ते कळतं.”

“थांबा रे! कोयता खाली ठेव आधी!”

गर्दी फाटली आणि गजेंद्र पुढे आला. शेतातून धावत आला असावा. पँट गुडघ्यापर्यंत मुडपलेली, पायांना ओला चिखल. त्यानं कोयतेवाल्याचा हात धरला.

“गुन्हा हाय हा. आत टाकतेत. आन् कायद्याचं जाऊ दे, मानुसकीचं पाय. त्याच्या पोटात माहा दोस्त हाय. सेवक्या शांत झाला. आता त्याले काऊन फाडता? उचलू, नेऊ, जंगलात सोडू. साप नोको समजा, समाधी समजा.” त्यानं मनगटानं डोळे पुसले. तो अल्काकडे वळला. “बरोबर हाय ना, पोरी? तूही तेच सांगून रायली ना?”

गावात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं म्हणून अल्काचे डोळे भरून आले. तिनं मान हलवली. काकांनीच तर हे सात-आठ दिवस घर धरून ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ ओसरीवर येऊन बसायचे, आईला म्हणायचे, ‘जेव, वहिनी, उपाशी राहून तो येनार हाय का?’

मग तिच्या ध्यानात आलं, की ती आणि काका एकच गोष्ट सांगत नव्हते. ती म्हणत होती, बाबा आत नाहीत. काका म्हणत होते, आत आहेत, म्हणून उघडू नका.

आणि हे कोण म्हणत होतं? मागच्या पावसाळ्यात स्वतःच्या अंगणात साधी धामण निघाली, तर ज्यानं फावड्यानं तिचे तीन तुकडे केले तो माणूस. बाबा त्या वेळी केवढे तणतणले होते! ‘उंदीर खाते रे ती, तुह्याच कोठीतले!’ त्यावर काका म्हणाले होते, ‘साप तो साप. माह्या हद्दीत दिसला का मेला.’

अल्का ते मनातून झटकायला गेली, पण ते चिकटून बसलं.

वनरक्षक स्कूटीवर आली. सालेकसाकडची, रुख्मिणी नावाची, अल्काच्याच वयाची. तिनं हेल्मेट काढलं, साप पाहिला, मग माणसं पाहिली.

“कोनी धरला?”

दुर्गेशनं छाती पुढे काढली.

“शाबास. आता जाळं कापावं लागंल. मागं सरका सगळे. आनखी मागं. लगीन लागून रायलं काय इथं?”

“मॅडम, यानं मानूस गिळला,” लीलाबाई म्हणाली.

“यानं?” रुख्मिणीनं एकवार फुगवट्याकडे पाहिलं. “मानूस गिळाले याले अजून दोन जन्म घ्यावं लागंल, मावशी.”

अल्का मागे सरकली नाही. कुणीच नीट सरकलं नाही. रुख्मिणी जाळ्याचे धागे एकेक करून कात्रीनं तोडत होती. अर्धं जाळं सुटलं, तेव्हा दुर्गेशच्या मागच्या पोरांत ढकलाढकली झाली आणि कुणाच्या तरी हातातला बांबू सापाच्या अंगावर पडला.

“झालं!” रुख्मिणी ओरडली. “आता घास टाकते तो. भरल्या पोटानं पळता येत नाई त्याले.”

अजगराच्या अंगातून एक लाट निघाली. फुगवटा जागचा हलला आणि तोंडाकडे सरकू लागला. मान ताणली गेली, चट्ट्यांमधली कातडी पातळ होऊन चमकायला लागली. जबडा उघडला आणि आणखी उघडत गेला. सगळं गाव पुढे झुकलं. लीलाबाई पुढे झुकली, कोयतेवाला झुकला, दुर्गेशचा मोबाइल तर सापाच्या तोंडाशी गेला. आईही गुडघ्यांवर उठली, लुगडं दोन्ही हातांवर पसरून.

अल्कानं त्या क्षणी मान वर केली. का केली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कदाचित आईचे ते पसरलेले हात तिला पाहवले नसतील.

त्या एवढ्या गर्दीत फक्त एक माणूस सापाकडे पाहत नव्हता. गजेंद्रकाका तिच्याकडे पाहत होते.

नजरेला नजर भिडली आणि त्यांनी मान फिरवली. आपण आठवडाभर ज्याला शोधतो आहोत तो समोर पडणार असेल, तर कुठला दोस्त दुसरीकडे पाहील? ज्याला आत काय आहे ते पाहायची गरज नाही, तोच. ज्याला आत कोण नाही ते आधीच ठाऊक आहे, तो.

खाली ओला, जड आवाज झाला. दर्प उठला. माणसं नाकाला रुमाल लावत मागे हटली.

चिकट पाण्यात माखलेली, पाय मागे दुमडलेली, काळ्या रंगाची एक पाठ होती, अजून न व्यालेली तरणी शेळी. अख्खी. गळ्यात लाल दोरी आणि दोरीला पितळी घुंगरू.

 मग लीलाबाईनं किंकाळी फोडली.

“माही पाठ! माही पाठ हाय वो! परवापासून धुंडून रायली मी तिले!”

“आन् मले चोर म्हनत होती,” दुर्गेश म्हणाला. “भर चौकात! ‘दुर्गेशनं कापून खाल्ली’ म्हने. आता बोल ना, काकी!”

एकजण फिसकन हसला आणि मग हसू पसरत गेलं. आठवड्याचा ताण होता, लोकांना आवरेना. अजगर रिकाम्या पोटानं वळवळत पोत्यात गेला. रुख्मिणीनं पोत्याचं तोंड बांधलं. आई तशीच गुडघ्यांवर होती, लुगडं पसरून, समोर त्या शेळीकडे पाहत.

अल्कानं ते लुगडं आईच्या हातातून काढून नीट घडी केलं. 

“मंग दुसरा असंल,” गजेंद्र म्हणत होता. “याच्याहून मोठा. तलावाच्या त्या बाजूनं एक हाय, मी पायला हाय. चला रे, घरी चला आता. वहिनीले घरी न्या.”

“हो, दुसरा असंल,” दोघातिघांनी मान डोलावली. गोष्ट त्यांना सोडवत नव्हती.

अल्का पाळीवर चढली. वरून सगळी शेतं दिसत होती. धानाच्या रोपांची रोवणी उरकून महिना होत आला होता आणि धान जोमानं उठलं होतं; बांधीमागून बांधी, तलावापासून जंगलापर्यंत एकसारखी गडद हिरवी. तिला वाचायला यायच्या आधीपासून ती हे पाहत आली होती. आठ दिवस ती याच पाळीवर उभी राहिली होती, पण शेतांकडे पाठ करून. पाण्याकडे पाहत. सगळं गाव पाण्याकडे पाहत होतं, आणि पाण्याकडे पाहायला कुणी सांगितलं होतं?

गजेंद्रच्या बांधीत, बाबांच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागून, एक कोपरा पिवळट होता. खाटेएवढा असेल. नुकतं लावलेलं धान पहिले काही दिवस तसं मलूल दिसतं, मुळं धरेपर्यंत.

“काका,” तिनं वरूनच हाक मारली. “तुमची रोवणी कधी झाली?”

लोक जायला निघाले होते. ते थबकले.

“माही? कवाचीच. तुमच्या आधी.”

“मग तो कोपरा कधी लावला?”

गजेंद्रनं तिकडे पाहिलं नाही. “रानडुकरं लोळली होती. आडवं केलं सगळं. दुबार लावला.”

“कुणी लावला?”

“कोनी म्हंजे? बायायनं.”

“कोन्या बायायनं?” हे लीलाबाईनं विचारलं. शेळीच्या गळ्यातलं घुंगरू तिच्या हातात होतं, डोळे ओले होते, पण आवाज बदलला होता. या भागातल्या सगळ्या बांध्यांची रोवणी तिच्याच टोळीच्या बाया करायच्या. मापाची, सरळ ओळ, चालीवर गाणी. “मले तं नाई बोलावलं. माह्या टोळीतली एकबी बाई गेली नाई. पुरुष मानूस तं पऱ्ह्याची रोपं लावत नाई आपल्याकडे.” ती पदर खोचून पाळीवर चढली आणि कपाळावर हात धरून पाहू लागली. “हे काय लावनं हाय? वाकडंतिकडं! हा बाईचा हात नाई, गजेंद्रभाऊ.”

“एवढासा तुकडा होता, म्यांच लावला. त्यात काय?”

“रानडुकरं आली, तर तार लावली असेल तुम्ही,” अल्का म्हणाली.

खाली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तारेचं गावाला माहीत होतं. विजेच्या खांबावर आकडा टाकून धुऱ्याभोवती उघडी तार सोडायची, डुक्कर चिकटलं की सकाळी उचलायचं. चारपाच जण करायचे. बाबा त्यांच्याशी भांडायचे, घरोघर जाऊन. स्वतः ते पत्र्याचा डबा बडवत राखण करायचे. गजेंद्रनं तर त्यांच्या गळ्याची आण घेऊन सांगितलं होतं, यंदा तार नाही.

“कोनती तार?” गजेंद्र म्हणाला.

अल्काच्या आत जे पेटलं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती आणि एकाही पुस्तकातला शब्द तिला पुरला नसता.

ती काही बोलायच्या आत आई पाळ चढून वर आली होती. कुणाला न विचारता, लुगड्याची घडी अल्काच्या हातातून घेऊन, पार्वताबाई पाळ उतरून धुऱ्यावरून चालू लागली. अल्का मागे धावली, तिच्यामागे लीलाबाई, रुख्मिणी, मग सगळेच. धुरा अरुंद, माणसं एकामागून एक. पिवळट कोपऱ्यापाशी आली तेव्हा आईनं पदर खोचला आणि पाय उचलला, रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरायची तसाच.

“वहिनी! उतरू नोको!” मागून गजेंद्र फाटक्या आवाजात किंचाळला. “आकडा काढाचा रायला हाय!”

अल्कानं आईला कमरेला धरून मागे ओढलं. दोघी धुऱ्यावर आदळल्या.

गवतात, वीतभर उंचीवर, बारीक तार चमकत होती. त्या कोपऱ्याला वेढा घालून गेलेली. सकाळी अजगराची बातमी आली, गजेंद्र शेत टाकून धावला आणि रोज उजाडल्यावर उतरवायचा तो आकडा आज खांबावरच राहिला. डुकरं उकरतील म्हणून त्यानं तिथे तार सोडली होती. जिनं बाबांना नेलं, तीच तार तो रोज बाबांच्या राखणीला बसवत होता.

दुर्गेशनं वाळका बांबू घेतला, खांबापाशी जाऊन आकडा खाली पाडला. त्याचा मोबाइल खिशात होता.

“कोनी आत पाय ठेवायचा नाई,” रुख्मिणी म्हणाली. तिनं फोन लावला होता. “पोलीस येईपर्यंत कोनी हात लावायचा नाई. तुमीबी नाई, मावशी.”

“नाई लावत,” आई म्हणाली. ती धुऱ्यावर बसली. पांढरं लुगडं उलगडून तिनं शेजारी पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर चिखलाची ढेकळं ठेवली.

गजेंद्रला माणसांनी धरलं नव्हतं. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना धुऱ्यावर माणसं उभी होती आणि कुणी वाट देत नव्हतं. तो खाली बसला. अल्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“जीव गेल्ताच, पोरी,” तो म्हणाला. “तुही आन. सकाळी म्यां पायलं तवा गेल्ताच. मले भेव वाटला.”

“मग सायकल पाळीवर कुणी नेली?”

तो धुऱ्यावरचं गवत उपटू लागला.

“भीती वाटली ती एका दिवसाची होती, काका. मग तुम्ही आमच्या ओसरीवर येऊन बसलात. रोज. माझ्या हातचा चहा प्यायलात. आईला म्हणालात, जेव.” तिचा आवाज चढला नाही. “चहात साखर कमी आहे, असंही एकदा म्हणालात.”

गजेंद्रनं तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. एक धोंडा उचलावा आणि त्या हलणाऱ्या खांद्यांवर घालावा, असं तिला वाटलं. धोंडा तिथेच होता, पायाशी. तिनं तो उचलला, धुऱ्यावरून चालत परत गेली आणि आईनं पसरलेल्या लुगड्याच्या चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. तिथलं ढेकूळ फुटलं होतं.

लीलाबाई आईला टेकून बसली होती. घुंगरू वाजू नये म्हणून तिनं ते मुठीत धरलं होतं. मागे मोरीजवळ ठेवलेल्या पोत्यात अजगर अधूनमधून हलत होता.

आई पिवळ्या, वाकड्यातिकड्या पऱ्ह्याकडे पाहत होती.

“अल्के,” ती म्हणाली, “ते लोक आले का त्यायले सांगजो, हळू काढा म्हना. उजव्या खांद्याले धरून नोका ओढू. दुखत होता त्याचा.”